संग्रहालयातील प्राचीन मृद्भांड्यांचे छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेल्या तिथल्या भांड्यांमुळे महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगाच्या एका मोठ्या टप्प्याला त्या गावाचे नाव मिळाले. नेवासे, दायमाबाद, इनामगाव, प्रकाशे अशा अनेक स्थळांवर हीच भांडी पुढे सापडत गेली. खालील उत्तरांतील बहुतेक उदाहरणे या जोर्वे भांड्यांची आहेत, कारण महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या आणि जिज्ञासू प्रेक्षकाच्या कॅमेऱ्यासमोर तीच सर्वाधिक येतात. प्रश्न विद्यार्थी, शिक्षक, इतिहासप्रेमी आणि क्वचित संग्रहालयातील कर्मचारी यांच्याकडून वेळोवेळी आलेले आहेत.

संग्रहालयात छायाचित्रे काढण्यास परवानगी असते का?

प्रत्येक संग्रहालयाचा नियम वेगळा असतो आणि तो बदलतही असतो, म्हणून मागच्या वर्षीचा अनुभव गृहीत धरू नये. तिकीट खिडकीवर विचारावे. कॅमेऱ्यासाठी वेगळे शुल्क असल्यास पावती घेऊन ती खिशात ठेवावी, कारण दालनातील पहारेकरी ती हमखास मागतात.

येथे तीन गोष्टींत फरक करावा लागतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने किंवा फोनने स्वतःसाठी छायाचित्र काढणे ही पहिली. ट्रायपॉड, दिवे किंवा पार्श्वपट घेऊन काम करणे ही दुसरी, आणि तिला बहुतेक ठिकाणी लेखी परवानगी लागते. भांडे कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवून छायाचित्रण करणे ही तिसरी. ती केवळ संशोधनाच्या किंवा प्रकाशनाच्या कामासाठी, संग्रहालयाच्या माणसाच्या उपस्थितीतच शक्य होते. अर्जात कोणती भांडी हवीत हे नोंदणी क्रमांकांसह लिहावे. ‘जोर्वे संस्कृतीची काही भांडी’ असे मोघम लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, कारण तो मंजूर करणाऱ्याला आपण नेमके काय मंजूर करत आहोत हेच कळत नाही. प्रत्येक भांड्यामागे किती वेळ लागेल, कोणते दिवे वापरणार आणि छायाचित्रांची एक प्रत संग्रहालयाला देणार का, हेही आधीच लिहिलेले बरे. प्रत देण्याची तयारी दाखवली की पुष्कळ दारे उघडतात, असा माझा अनुभव आहे.

भाजलेल्या मातीला फ्लॅशने काय होणार? मग तो बंद का ठेवायचा?

शंका रास्त आहे. भट्टीत भाजलेली माती, दगड आणि काच हे पदार्थ प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत; कापड, कागद किंवा जलरंगचित्रे यांना जितका धोका असतो तितका त्यांना नसतो. भाजण्यापूर्वी दिलेला पातळ मातीचा लेप आणि नक्षी ही मातीइतकीच टिकाऊ असतात. त्यामुळे ‘फ्लॅशने मडके खराब होते’ असे सरसकट सांगणे खरे नाही.

तरीही फ्लॅश वापरू नये, आणि त्याची कारणे वेगळी आहेत. काही भांड्यांवर भाजल्यानंतर रंग दिलेला असतो, तो नाजूक असतो. तुकडे जोडून उभी केलेली भांडी पुष्कळ असतात. त्यांतील चिकटद्रव्य आणि रिकाम्या जागी भरलेले रंगवलेले प्लास्टर हे आधुनिक आणि प्रकाशाने बदलणारे पदार्थ आहेत. शेजारच्या कपाटात काय ठेवले आहे हे पहारेकऱ्याने प्रत्येक वेळी तपासावे अशी अपेक्षा करता येत नाही, म्हणून नियम सर्वांना सारखा असतो. आणि हे सर्व बाजूला ठेवले तरी कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढलेले भांड्याचे छायाचित्र निरुपयोगी असते. समोरून आलेला प्रकाश सर्व सावल्या पुसून टाकतो आणि गोल पोटाचे मडके भाकरीसारखे सपाट दिसू लागते. काचेत जो पांढरा गोळा उमटतो तो वेगळाच.

काचेच्या कपाटातील भांड्यावर प्रतिबिंबे येतात. ती कशी टाळावीत?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे अर्धे उत्तर कपड्यांत आहे. काचेत दिसणारे सर्वांत मोठे प्रतिबिंब बहुधा छायाचित्रकाराचेच असते. गडद, शक्यतो काळा, बाह्यांचा शर्ट घालावा, चकाकणारे घड्याळ काढून ठेवावे आणि फोनचे आवरणही काळे असावे. मग मागे वळून पाहावे : समोरच्या भिंतीवरील दिवा, उघडी खिडकी किंवा पलीकडच्या कपाटातील उजेड हे तुमच्या काचेत उतरत असतात. दोन पावले बाजूला सरकल्याने जे साधते ते नंतर संगणकावर तासभर खपूनही साधत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लेन्सपुढे रबराचे मऊ आवरण लावून ते काचेला अलगद टेकवणे. कडेने उजेड शिरायला जागाच उरत नाही, त्यामुळे प्रतिबिंब राहत नाही. काचेवर भार देऊ नये. काही जुन्या कपाटांच्या काचा लाकडी चौकटीत सैल बसवलेल्या असतात. काचेला हात लावण्यासही मनाई असेल, तर सोबत्याला काळ्या कापडाचा मीटरभर तुकडा तुमच्यामागे पडद्यासारखा धरायला सांगावे.

ध्रुवीकरण फिल्टर म्हणजे पोलरायझर उपयोगी पडतो, परंतु काचेसमोर सरळ उभे राहिल्यास त्याचा काहीही परिणाम होत नाही. काचेवरच्या लंबरेषेपासून साधारण ५५ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिल्यास तो प्रतिबिंब जवळजवळ संपूर्ण छाटतो. चित्र किंवा शिलालेख असता तर असे तिरके पाहणे परवडले नसते; चाकावर घडवलेले भांडे मात्र चारही बाजूंनी सारखेच असते, म्हणून बाजूला जाऊन त्याचे छायाचित्र काढले तरी आकार बिघडत नाही. मृद्भांड्यांच्या छायाचित्रकाराला मिळालेली ही मोठी सवलत आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. त्याची किंमतही आहे : फिल्टर कॅमेऱ्यात येणारा प्रकाश निम्म्याहून कमी करतो आणि जाड काचेतून तिरके पाहिल्यास तपशील किंचित पुसट होतो.

कपाटातील दिव्यांमुळे छायाचित्रात आडवे पट्टे येतात. असे का होते?

भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास पट्टे बहुधा जातात.

फोनचा कॅमेरा पुरेसा आहे का?

नोंद ठेवण्यासाठी पुरेसा आहे, पण तो कसा वापरायचा हे समजून घ्यावे. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. त्याने जवळ जाऊन भांडे टिपले की पुढचा भाग फुगतो, काठ रुंद दिसतो आणि बूड आक्रसते. जोर्वे भांड्यांतील कोनदार खांद्याच्या वाडग्याची सारी ओळख त्याच्या बाह्यरेषेत असते. ती रेषाच अशी विकृत झाली तर ते छायाचित्र पुढे कोणत्याही तुलनेसाठी वापरता येत नाही. म्हणून फोनमध्ये दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी वेगळी लेन्स असल्यास ती निवडावी आणि मागे सरकावे. कॅमेरा असल्यास ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स उत्तम. वीस सेंटिमीटर उंचीच्या मडक्यासाठी मी किमान दीड मीटर अंतर ठेवतो.

फोनची दुसरी अडचण म्हणजे त्याचा आगाऊपणा. तो आपणहून कडा धारदार करतो, सावल्या उजळतो आणि मातीचा खरबरीत पोत गुळगुळीत करून टाकतो. जोर्वे संस्कृतीच्या अखेरच्या (उत्तर जोर्वे) काळातील भांडी आधीच्या भांड्यांपेक्षा जाडीभरडी असतात आणि हा फरक पोतावरूनच ओळखायचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फोनचे सौंदर्यवर्धन येथे किती घातक आहे ते कळेल. शक्य असल्यास ‘रॉ’ म्हणजे अशी सुधारणा न केलेल्या मूळ स्वरूपात छायाचित्र घ्यावे.

भांड्याकडे कोणत्या उंचीवरून पाहावे?

पुरातत्त्वीय अहवालांत भांड्याचे रेखाचित्र अर्धे कापल्यासारखे काढतात : एका बाजूस, सहसा डावीकडे, भिंतीचा छेद आणि दुसऱ्या बाजूस बाहेरचे रूप. काठाची वळण, गळ्याची उंची, खांद्याचा कोन, पोटाचा फुगवटा आणि बुडाचा आकार या पाच गोष्टी त्यातून वाचता येतात. छायाचित्राने या रेखाचित्राशी नाते सांगावे, ही पहिली अपेक्षा आहे. त्यासाठी कॅमेरा जवळपास भांड्याच्या मध्याच्या उंचीवर आणावा. संग्रहालयातील फडताळे कधी गुडघ्याइतकी खाली तर कधी डोक्यावर असतात, आणि उभ्या माणसाने खाली पाहून काढलेली छायाचित्रे हजारोंनी सापडतात. त्यांत तोंड दिसते, बूड दिसत नाही. गुडघे टेकून बसावे लागले तर बसावे.

मात्र अगदी समपातळीवरून पाहिल्यास काठ ही केवळ एक सरळ रेषा होते आणि भांडे पोकळ आहे की भरीव हेही कळेनासे होते. म्हणून मुख्य छायाचित्रासाठी कॅमेरा १० ते १५ अंश वर घ्यावा, म्हणजे तोंडाची लंबवर्तुळाकार कड डोकावते आणि बाह्यरेषाही फारशी बिघडत नाही. दुसरे छायाचित्र थेट समपातळीवरून घ्यावे. तिसरे वरून, आतील भाग दिसेल असे.

तोटीच्या भांड्याबाबत विशेष काळजी हवी. जोर्वे येथील पसरट तोंडाचे, लांब तोटीचे भांडे हे या संस्कृतीचे जणू बोधचिन्हच आहे. तोटी कॅमेऱ्याकडे वळलेली असेल तर तिची लांबी आणि चढ दोन्ही लोपतात. ती पूर्णपणे बाजूला, बाह्यरेषेत दिसेल अशी ठेवावी; माझी पसंती उजवीकडे आहे, कारण मग छायाचित्र आणि रेखाचित्र शेजारी ठेवून पाहता येतात. कपाटातील भांडे वळवता येत नाही, पण तुम्ही स्वतः कपाटाभोवती फिरू शकता.

टेबलावर छायाचित्रण करण्याची परवानगी मिळाल्यास प्रकाशयोजना कशी करावी?

एक मुख्य दिवा वरून डाव्या बाजूने, साधारण ४५ अंशांवर ठेवावा. प्रकाश वरून डावीकडून येतो असे मानण्याची पुरातत्त्वीय रेखाचित्रांत रूढी आहे, आणि सर्व भांड्यांना तोच नियम लावला म्हणजे पानावर शेजारी मांडलेली दहा छायाचित्रे एका घरची वाटतात. दिव्यापुढे पांढरे पातळ कापड किंवा ट्रेसिंग कागद लावून उजेड मऊ करावा. उजव्या बाजूला दुसरा दिवा लावण्याची घाई करू नये. थर्माकोलचा पांढरा तुकडा टेकवून ठेवला की तो पुरेसा उजेड परतवतो. दोन्हीकडून सारखा प्रकाश पडला तर फ्लॅशसारखाच सपाटपणा येतो.

आता पृष्ठभागाची गोष्ट. चाकाच्या फिरण्याने उमटलेल्या बारीक आडव्या रेषा, दोरीचे किंवा बोटांचे ठसे, कोरलेल्या खुणा, घोटून आणलेली झिलई हे सारे भांडे कसे घडले ते सांगतात, आणि मऊ प्रकाशात यांतील निम्म्या खुणा नाहीशा होतात. त्यांसाठी दिवा जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल इतका तिरका, १० ते २० अंशांवर आणावा. खाच आणि उंचवटा दोन्ही सावलीने उठून दिसतात. पण असा प्रकाश चित्रित नक्षीचा शत्रू आहे. खरबरीतपणाची सावली आणि काळी रेघ यांत डोळा फसतो. त्यामुळे एकाच भांड्याची दोन छायाचित्रे लागतात, एक नक्षीसाठी आणि एक पोतासाठी, आणि दोन्हींचे काम एकाकडून करून घेण्याचा हट्ट सोडून द्यावा.

कॅमेरा ट्रायपॉडवर असल्याने आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता, १०० ठेवता येतो. छिद्रमान, म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप, एफ/८ ते एफ/११ असावे. पूर्ण आकाराचा सेन्सर, ८५ मिलिमीटरची लेन्स आणि दीड मीटरचे अंतर असता एफ/८ ला सुमारे १५ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते, म्हणजे मोठ्या मडक्याचा पुढचा फुगवटा आणि मागचा काठ एकाच वेळी स्पष्ट येणार नाहीत. एफ/११ ला ही खोली २० सेंटिमीटरच्या आसपास जाते. एफ/१६ च्या पुढे मात्र प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सारेच थोडे पुसट होते.

पार्श्वभूमीसाठी चमक नसलेला राखी कागद मला सर्वांत योग्य वाटतो. काळ्या मखमलीवर तांबडे भांडे देखणे दिसते खरे, पण काळ्या बुडाची भांडी तीत बुडून जातात.

मातीचा रंग खरा कसा आणावा?

जोर्वे भांड्यांचा तांबडा-नारिंगी, त्याआधीच्या माळवा संस्कृतीच्या भांड्यांचा पिवळसर किंवा नारिंगी लेप, विदर्भातील महापाषाणीय वर्तुळांतून, म्हणजे मोठ्या दगडांनी वेढलेल्या दफनांतून, मिळणाऱ्या भांड्यांचा काळा-तांबडा, या छटांवर वर्गीकरण उभे असते. कपाटातील पिवळ्या दिव्याखाली माळव्याचे भांडे जोर्वेचे वाटू शकते. त्यामुळे रंगाच्या बाबतीत अंदाजावर विसंबू नये.

पहिल्या छायाचित्रात राखी पट्टी किंवा २४ चौकोनांची रंगपट्टी भांड्याशेजारी ठेवावी आणि नंतर तिच्या आधारे व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या छटेची दुरुस्ती, बसवावा. सर्व दिवे एकाच प्रकारचे असावेत. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्विनचा आणि हॅलोजनचा सुमारे ३२०० केल्विनचा. दोन्ही एकत्र पडले तर भांड्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट होते, आणि अशा छायाचित्राला कोणतीही एक दुरुस्ती लागू पडत नाही. अशा वेळी सरळ खिडकी झाकावी. नवा एलईडी दिवा घेताना रंगदर्शन निर्देशांक (त्याखाली रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) ९५ च्या आसपास आहे ना, हे पाहावे.

पुरातत्त्वज्ञ मातीचा रंग मन्सेल तक्त्याशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांशी, पडताळून लिहितात. ही नोंद छायाचित्रावरून करू नये. खापर हातात असतानाच, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात तक्त्याशेजारी धरून करावी. पडद्यावरचा रंग प्रत्येक पडद्यागणिक बदलतो.

आणखी एक. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सारे जग मध्यम राखी आहे असे समजतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्तींसारख्या वस्तू तो मळकट करतो आणि काळी भांडी धुरकट उजळ करतो. पांढऱ्यासाठी मोजमापापेक्षा थोडा अधिक आणि काळ्यासाठी थोडा कमी प्रकाश द्यावा.

मोजपट्टी कोठे ठेवावी?

भांड्याच्या पुढे नको. वीस सेंटिमीटर व्यासाच्या मडक्याच्या पोटाला चिकटवून पुढे ठेवलेली पट्टी ही मडक्याच्या मध्यापेक्षा कॅमेऱ्याच्या दहा सेंटिमीटर जवळ असते, त्यामुळे ती मोठी दिसते आणि तिच्यावरून मोजलेले मडके लहान भरते. दीड मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात ते मडके साधारण १८.७ सेंटिमीटर भरेल. फोनने अर्ध्या मीटरवरून काढले तर चक्क १६. म्हणून पट्टी भांड्याच्या बाजूला, त्याच्या मध्याच्या रेषेत, गरज पडल्यास लहान ठोकळ्यावर ठेवावी. काळ्या-पांढऱ्या टप्प्यांची पाच किंवा दहा सेंटिमीटरची पट्टी पुरते. नाणे, पेनचे टोपण, काडेपेटी या वस्तू घाईच्या वेळी काहीच नसण्यापेक्षा बऱ्या, इतकेच.

कपाटाबाहेरून काचेला पट्टी टेकवून छायाचित्र काढण्यात वरच्याच कारणासाठी अर्थ नाही. त्याऐवजी माहितीफलकाचे वेगळे छायाचित्र घ्यावे. त्यावर कधी मापे असतात, कधी नसतात. नोंदणी क्रमांक बहुधा असतो, आणि पुढे तोच कामाला येतो.

खापर थोडे ओले केले की नक्षी उठून दिसते. तसे करावे का?

करू नये. उत्खननाच्या छावणीत खापरे धुण्याच्या वेळी ही नक्षी ओलसरपणामुळे झळकलेली आपण सर्वांनी पाहिलेली असते आणि तो मोह तिथूनच लागतो. परंतु संग्रहालयातील सच्छिद्र माती पाणी शोषून घेते, तिच्यात मुरलेले क्षार विरघळतात, आणि वाळताना ते पृष्ठभागाकडे येऊन स्फटिक बनतात. लेपाचे पापुद्रे सुटतात ते यानेच. थुंकी लावलेले बोट फिरवणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांना मी पाहिले आहे. त्यांना बोलण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही, याची अजूनही चुटपुट लागते.

मग फिकट झालेली नक्षी दिसावी कशी?

लाल पृष्ठभागावरची काळी नक्षी ही या बाबतीत भाग्यवान आहे. रंगीत छायाचित्र कृष्णधवल करताना लाल वाहिनीचा, म्हणजे चित्रातील लाल रंगाच्या माहितीचा, वाटा वाढवला, की तांबडी माती उजळ होते आणि काळी रेघ काळीच राहते. फिल्मच्या काळात छायाचित्रकार लेन्सपुढे लाल फिल्टर लावत ते याचसाठी. एवढ्याने भागले नाही तर ‘डीस्ट्रेच’ हे साधन वापरून पाहावे. जॉन हार्मन यांनी ते शैलचित्रांसाठी तयार केले. डोळ्याला सारख्याच वाटणाऱ्या छटा ते एकमेकींपासून दूर ताणते. त्यातून येणारे रंग खोटे असतात, जांभळे, हिरवे, काहीही. म्हणून असे चित्र छापताना ‘संस्करित प्रतिमा’ असा उल्लेख करावा आणि शेजारी मूळ छायाचित्र द्यावे.

भांडे हाताळताना हातमोजे घालावेत का?

सुती हातमोजे घालू नयेत. ते घोटलेल्या पृष्ठभागावरून निसटतात आणि खरबरीत काठात त्यांचे धागे अडकतात. नायट्राइलचे घट्ट हातमोजे किंवा स्वच्छ धुतलेले कोरडे हात चालतात. संग्रहालयाचा नियम काय आहे ते आधी विचारावे. अंगठ्या, बांगड्या, गळ्यात लोंबणारे ओळखपत्र आणि कॅमेऱ्याचा पट्टा हे सर्व आधी काढून ठेवावे.

भांडे काठाला, मुठीला किंवा तोटीला धरून कधीही उचलू नये. जोड नेमके तेथेच असतात, आणि जुना जोड केव्हा सुटेल हे पाहून कळत नाही. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. टेबलावर फोमची गादी असावी आणि भांडे तिच्यावरून कमीत कमी अंतर फिरवावे. गोल बुडाचे मडके उभे राहण्यासाठी खाली फोमचे कडे ठेवावे. मळण्याची रंगीत माती टेकू म्हणून वापरण्याची पद्धत अजून दिसते. तिच्यातील तेल सच्छिद्र खापरात उतरते आणि डाग जात नाही. भांडे हलवण्याचे काम संग्रहालयाच्या माणसाने करायचे आणि आपण कॅमेरा सांभाळायचा, ही वाटणी सर्वांत सुरक्षित.

तुटक्या खापरांचे छायाचित्र घेण्यात काय विशेष?

पूर्ण भांड्यापेक्षा खापरे संख्येने कितीतरी अधिक असतात आणि अभ्यास मुख्यतः त्यांच्यावरच होतो. प्रत्येक खापराची तीन बाजूंची छायाचित्रे घ्यावीत : बाहेरची, आतली आणि तुटलेली कड. तुटलेल्या कडेला मातीचा गाभा दिसतो. तो आतपर्यंत तांबडा आहे की मध्ये काळपट पट्टा राहिला आहे, यावरून भट्टीत हवा आणि उष्णता किती मिळाली ते कळते. कड ताजी दिसावी म्हणून टवका काढण्याची कल्पना मनात आली असेल तर ती तिथेच सोडावी.

काठाचे खापर ते मूळ भांड्यात ज्या कोनात होते त्याच कोनात उभे करावे, काठ वर आणि क्षितिजसमांतर. उलटी किंवा आडवी पडलेली काठाची खापरे छापलेल्या पुस्तकांतही भेटतात. आतल्या बाजूला शाईने लिहिलेली स्थळाची, चराची आणि थराची खूण असते. तिचेही छायाचित्र घ्यावे, कारण ती नसेल तर खापर केवळ मातीचा तुकडा उरतो.

चकचकीत किंवा दुरंगी भांड्यांसाठी वेगळे काही करावे लागते का?

उत्तरेकडील काळी चकचकीत भांडी आरशासारखी असतात. त्यांवर दिव्याचा ठिपका येतोच. भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करून दिवे बाहेर ठेवले, तर ठिपक्याऐवजी लांबट मऊ उजळपणा येतो आणि चकाकीही समजते. चकाकी पूर्ण घालवू नये, ती त्या भांड्याचा गुणच आहे. माहूरझरी, नायकुंड यांसारख्या नागपूर जिल्ह्यातील महापाषाणीय स्थळांवरची काळी-तांबडी भांडी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून खाली तांबडी असतात. त्यांचे केवळ बाजूने घेतलेले छायाचित्र अर्धे सत्य सांगते. वरून ४५ अंशांनी आतला काळा भाग दाखवणारे दुसरे छायाचित्र हवेच.

इनामगावच्या दफनकुंभांची छायाचित्रे काढणे योग्य आहे का?

घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलांची दफने सापडली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि त्यांत मूल. संग्रहालयाची परवानगी असेल तेथे त्यांची नोंद घेण्यास हरकत नाही, ती घ्यावीच. पण त्या कपाटासमोर सेल्फी काढणारे पाहिले की अवघडल्यासारखे होते. अस्थी दिसत असलेले छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना ती अस्थी आहे हे स्पष्ट लिहावे आणि थट्टेच्या ओळी जोडू नयेत.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी किती छायाचित्रे लागतात?

मध्यम मडक्यासाठी साधारण ६० ते १२०. कॅमेरा तीन उंचींवर ठेवून, प्रत्येक वेळी भांड्याभोवती पूर्ण फेरी होईल अशी ती घ्यावीत, आणि लागोपाठच्या दोन छायाचित्रांत किमान ६० ते ८० टक्के भाग समान असावा. भांडे फिरत्या तबकडीवर ठेवल्यास मागे एकरंगी पडदा हवा, नाहीतर संगणक स्थिर पार्श्वभूमीला धरून चालतो आणि गोंधळतो. ‘मेशरूम’ हे विनामूल्य आणि ‘मेटाशेप’ हे विकतचे सॉफ्टवेअर या कामासाठी वापरतात. आतला भाग आणि बूड यांची जोडणी हीच खरी डोकेदुखी असते. अरुंद गळ्याच्या मडक्याचा आतला भाग यात मिळत नाही, हे आधीच मान्य करावे.

छायाचित्रांची नावे आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

कॅमेऱ्याने दिलेले नाव बदलून त्यात संग्रहालयाचे संक्षिप्त नाव, नोंदणी क्रमांक आणि बाजू ही तीन अंगे असावीत. ‘मडके१नवीनअंतिम’ या नावाची फाइल सहा महिन्यांनी तुम्हालाही ओळखता येणार नाही. मूळ रॉ फाइल तशीच जपावी, प्रकाशनासाठी टिफ आणि पाठवापाठवीसाठी जेपेग करावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या छायाचित्रातील तपशील आणि त्याला जोडलेली माहिती दोन्ही गळून जातात. भारतातील काही प्रमुख संग्रहालयांच्या नोंदी पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘जतन’ या प्रणालीत आहेत. भेटीपूर्वी त्या चाळल्यास कोणते भांडे कोठे आहे याचा अंदाज येतो.

माझ्या छायाचित्रावर हक्क कोणाचा?

तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. छायाचित्रावर मात्र ते काढणाऱ्याचा हक्क असतो. तरी परवानगीच्या अर्जावर सही करताना ज्या अटी मान्य केल्या त्या बांधून ठेवतात, आणि त्यांत व्यावसायिक वापराला बहुधा मनाई असते. पुस्तकात छापण्यापूर्वी संग्रहालयाचे पत्र घ्यावे व छायाचित्राखाली संग्रहालयाचे नाव आणि नोंदणी क्रमांक द्यावा.

आमच्या शेतात नक्षीदार खापर सापडले आहे. त्याचे छायाचित्र कसे काढावे?

गावाजवळ पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचे, टेकाड असेल तर नांगराला किंवा पहिल्या पावसानंतर अशी खापरे हमखास लागतात. खापर उचलण्याआधी ते जिथे पडले आहे तिथेच, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक छायाचित्र जवळून आणि एक दूरून काढावे; दूरच्या छायाचित्रात विहीर, झाड, बांध अशी पुन्हा ओळखता येणारी खूण यावी. तारीख आणि गट क्रमांक वहीत लिहावा. आणखी मिळेल म्हणून खणू नये, कारण थर विसकटले की खापराचा काळ सांगणारा पुरावाच जातो. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. छायाचित्रे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे किंवा जवळच्या विद्यापीठातील पुरातत्त्व विभागाकडे पाठवावीत. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. गुप्तधन शोधणारे फावडी घेऊन रात्रीच पोहोचतात, आणि फोनने छायाचित्रात आपोआप नोंदवलेले अक्षांश-रेखांशही त्यांना पुरतात, म्हणून ते काढून टाकल्याशिवाय छायाचित्र कोणत्याही खुल्या गटात पाठवू नये.